घटकाबाहेरचा प्रश्न

१६ जून १९६९, धुळे

आज शाळा सुरू झाली. पाचवी ब च्या समोरच्या भिंतीवर मी परवाच निळ्या रंगात मोठं चक्र काढून ठेवलं होतं. वर उद्दिष्ट, उजवीकडे अनुभव, खाली आशय, डावीकडे मूल्यमापन आणि तिथून बाण पुन्हा उद्दिष्टाकडे. चक्राखाली पहिलं उद्दिष्ट ठळक अक्षरांत आहे : ‘शाळेत शिकलेलं दुसऱ्या दिवशी बाजारात चालावं.’ शिपाई जीवराम शिडी धरून उभा होता. म्हणाला, “बाई, हाई चाक शे, मंग बैल कथा शेत?” चाकाला बैल कुठे आहेत, या प्रश्नाचा तेव्हा मला राग आला होता. आता लिहिताना हसू येतंय.

हे सगळं कशासाठी, ते एकदा स्वच्छ लिहून ठेवते, म्हणजे वर्षाअखेरीला स्वतःला फसवता यायचं नाही. ट्रस्टच्या या मुलींच्या शाळेत पाचवी गच्च भरते आणि सहावीची निम्मी बाकं रिकामी असतात. का? माझं उत्तर असं की आपला अभ्यासक्रम म्हणजे विषयांची उतरंड. भाषेवर गणित, गणितावर इतिहास, त्यावर भूगोल. मडक्यांत काय भरलंय ते मुलीच्या घरच्यांना दिसतच नाही. शिकलेल्याचा उपयोग डोळ्यांना दिसला तर कोणता बाप पोरीला घरी बसवील? म्हणून मी ती उतरंड उतरवली. एम.एड.ला पुण्यात हेच मांडलं आणि तिथल्या विस्तार विभागाच्या साहेबांनी ते उचलून धरलं. वर्षभर पाचवी अ पुस्तकांनी चालेल, पाचवी ब माझ्या घटकांनी : पांझरेचं पाणी, अंगावरचं कापड, आमचा बाजार. पाठांतर पूर्ण बंद. पाढे गरजेतून येतील. मार्चमध्ये दोन्ही तुकड्यांना पुण्याहून येणारी एकच चाचणी. ब टिकली तर पुढच्या जूनपासून धुळे-जळगावच्या चाळीस शाळांत हाच आराखडा. मी शिकवते ते अध्यापक विद्यालय मला त्यासाठी रोज दुपारी इथे सोडणार आहे.

वर्ग जमीलाबाईंकडे आहे. तिशीच्या आतल्या, चटपटीत, अजून कायम झालेल्या नाहीत. आराखडा हातात दिला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, “बाई, आणि नाही जमलं तर मुलींचं काय?” मी म्हटलं, जमेल.

संध्याकाळी नानांना चक्र समजावलं. माझे वडील धरणगावच्या शाळेत हेडमास्तर होते. आई गेल्यावर माझ्याकडे राहायला आले. सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “पाढे नही?”

“नाहीत.”

“बरं.” आणि पानाला चुना लावत बसले. त्यांच्या ‘बरं’चा मला लहानपणापासून धाक आहे.

११ जुलै

वर्ग पांझरेवर नेला. काठीने पाण्याची खोली मोजली, कागदाची होडी सोडून वेग काढला. मुली चिखलाने माखल्या, एकीची चप्पल वाहून गेली, पण अशी तल्लीनता पाचवी अ मध्ये शोधून सापडायची नाही. मी कडेला उभी राहून निरीक्षणं टिपत होते आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात पुण्याच्या साहेबांना ऐकवत होते.

मध्येच नूर महंमद मणियारांच्या हमीदाने हात वर केला. “बाई, उन्हाळ्यात पांझरेत पाणीच नसतं. मग तेव्हा तिला नदी का म्हणायचं?”

मुली खिदळल्या. आजच्या घटकात पाणी मोजणं होतं, नदी कशाला म्हणायचं हे नव्हतं. मी म्हटलं, ते नंतर बघू, आधी होडी सोड. निरीक्षणांत लिहिलं : ‘घटकाबाहेरचा प्रश्न; थांबवला.’ जमीलाबाई माझ्याकडे बघत होत्या. 

२३ ऑगस्ट

हमीदाचे वडील शाळेत आले. बांगड्यांचं दुकान आहे, शिवाय आठवडे बाजार फिरतात. गडी तावातावाने आला होता. “बाई, पोरगी शाळामा चिखल तुडावस नि घर इसन आम्हले होडीन्या गोष्टी सांगस. लिखानं-वाचानं कव्हय?”

वाद न घालता मी त्यांना भिंतीपाशी नेलं आणि उद्दिष्ट वाचून दाखवलं. त्यांना वाचता येत नाही. मला पुन्हा एकदा वाचायला लावलं, मग स्वतः म्हणून पाहिलं, “बाजारमा चालावं.” चेहरा हळूहळू निवळला. “हाई बेस शे. हिशोब उना म्हंजे बस. नापास व्हयनी त मातर घर बसाडसू, आत्तेच सांगी ठेवस.”

म्हणजे पास झाली की सहावी पक्की. मला तेवढं पुरे आहे. पालकाला उद्दिष्ट पटलं की अर्धं काम झालं, हे मी प्रबंधातही लिहिलं होतं. आज प्रत्यक्ष पाहिलं.

३१ ऑक्टोबर

सहामाहीचा निकाल. काय लिहू? भाषेत ब तुकडी तग धरून आहे. गणितात सपाट झोपली. बाजार मांडता येतो, भाव करता येतो, आणि साधा गुणाकार आला की बोटं मोजत बसतात. निम्म्याहून जास्त मुली नापास. हमीदासुद्धा.

ट्रस्टचे अध्यक्ष रिखबचंदजी यांनी सगळ्या शिक्षकांसमोर बोलावून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं. “नेहेतेबाई, बाजार तर आम्ही रोजच मांडतो. त्यासाठी पोरींना शाळेत कशाला पाठवायचं? मार्चपर्यंत बघतो. पहाडे आले नाहीत तर तुमचं चक्र चुना मारून पुसून टाकीन.” जमीलाबाई खाली मान घालून उभ्या होत्या. बाहेर नूर महंमद जीवरामला काहीतरी विचारून निघून गेले. मला भेटले नाहीत.

घरी येऊन ताटावर बसले आणि पहिल्याच घासाला उठले. नाना विचारायला आले तर मी त्यांच्यापुढे लहान पोरीसारखी रडले. म्हटलं, हे पडलं तर मी या शहरात तोंड दाखवणार नाही, नोकरी सोडून देईन. मी त्यांच्यापुढे अशी कधी रडले नव्हते, आई गेली तेव्हाही नाही. नानांनी ताट झाकून ठेवलं. 

२७ नोव्हेंबर

दिवाळीनंतर नानांना एक नवा नाद लागला आहे. संध्याकाळी आमच्या परसात माझ्या वर्गातल्या मुली जमतात आणि नाना त्यांना गोष्टी सांगतात. शाळेतून पुन्हा विद्यालयात जाऊन तिथलं काम संपवून मला घरी यायला दिवेलागण होते, तोवर त्या पांगलेल्या असतात. एखादी मागे राहिलेली मला बघून तोंडावर हात ठेवते आणि पळत सुटते. चांगलं झालं. आई गेल्यापासून माणूस मुका झाला होता.

आज धोतराला खडूची पूड लागलेली दिसली. विचारलं तर म्हणाले, “गोष्टीत राजवाडा आला का काढून दाखवा लागते.”

या वयात किती उत्साह! मी मात्र पुढचा घटक बांधता बांधता थकून गेले आहे. रात्री झोप नाही. चक्र बरोबर आहे, हे मला माहीत आहे. मग पोरी का अडतात?

१२ डिसेंबर

काल ईद झाली. आज जमीलाबाई शीरखुर्मा द्यायला येऊन गेल्या. मी विद्यालयात होते. नाना म्हणाले, बराच वेळ बसली होती, गुणी पोर आहे.

“काय बोललात एवढं?”

“मास्तर मास्तरशी काय बोलते? पोराहीचंच.”

माझ्याशी त्या हल्ली कामापुरतंच बोलतात. सहामाहीचा राग असेल. असू दे. माझ्याशी दोन वाक्यांत विषय संपवणारी बाई नानांपाशी तासभर बसते, याचं मला थोडं वाईट वाटलं, हेही लिहून ठेवते.

१४ जानेवारी १९७०

आजचा दिवस मी विसरणार नाही!

संक्रांतीच्या निमित्ताने वर्गात बांगड्यांचं दुकान मांडलं. हमीदा दुकानदार. मी गिऱ्हाईक झाले आणि विचारलं, “एका डब्यात सव्वा डझन, तर तीन डब्यांत किती?” तिचे ओठ हलले आणि लगेच उत्तर, “पावणेचार डझन.”

“कसं केलंस?”

“तीन सवाया पावणेचार.”

मी बघतच राहिले. सवायकी! पाऊण, सव्वा, दीडचे ते जुने पाढे शाळांतून कधीच हद्दपार झाले. नक्की बापाच्या दुकानात कानावर पडत असणार. मणियाराकडे मापंच सव्वादोन, अडीच, पावणेतीन अशी असतात. हेच तर मी पहिल्या दिवसापासून सांगते आहे, गरज पडली की पाढा आपोआप येतो. मी जमीलाबाईंकडे वळून म्हटलं, “बघितलंत?” त्या पडलेला खडू उचलायला वाकल्या होत्या.

मग आणखी चौघींनी तशीच तोंडी उत्तरं दिली. त्यांचे बाप मणियार नाहीत. म्हणजे हे एकमेकींकडूनही पसरतं आहे. समवयस्कांकडून अध्ययन! यावर अहवालात वेगळं प्रकरण करायला हवं. आज जेवताना नानांना सगळं रंगवून सांगितलं. ते भाकरी कुस्करत होते. “बरं,” म्हणाले.

१० फेब्रुवारी

नानांचा घसा पार बसला आहे. ज्येष्ठमध आणून दिलं, तर ते तोंडात धरून भरीत मागतात, तेही मिरच्या झोंबतील असं. म्हटलं, इतक्या मोठ्याने गोष्टी कशाला सांगता?

“मागच्या पोरीले आयकू आलं पाहिजे ना.”

हट्टी माणूस. ब तुकडीच्या छोट्या चाचण्या मात्र दर आठवड्याला वर चढत आहेत. अ जिथल्या तिथे. मला भीती वाटते की हे स्वप्न आहे.

२१ मार्च

पुण्याहून निकाल आला. ब पुढे आहे! भाषेत पुढे, गणितातही पुढे. जीवरामने पाकीट वर्गातच आणून दिलं. जमीलाबाईंना मी सगळ्या मुलींसमोर मिठी मारली. त्या काठीसारख्या ताठ उभ्या राहिल्या. बाईला आनंदही धड करता येत नाही.

४ एप्रिल

साहेब स्वतः आले. वर्ग दाखवला, पालकांनाही बोलावलं होतं. साहेबांनी हमीदालाच उभं केलं. “अडीच डझनांचे सात डबे, किती डझन झाले?” “साडेसतरा.” त्यांचं वाक्य पुरतं संपलंही नव्हतं. टाळ्या पडल्या. मागे नूर महंमद उभे राहिले, डोळे पुसत, आपली लेक म्हणून सगळ्यांना सांगत सुटले, “मनी आंडेर शे! मनी आंडेर शे ती!”

साहेब म्हणाले, जूनपासून चाळीस शाळा. पाढ्यांची पुस्तकं मागे घेऊ, पाठांतर बंदच करून टाकू. महिनाअखेर तुमच्या सहीचा अहवाल पाठवा आणि योजनाप्रमुख म्हणून पुण्याला यायची तयारी करा. रिखबचंदजींनी जमीलाबाईंना जूनमध्ये कायम करायचा शब्द दिला. मला सुखाने भोवळ यायची बाकी राहिली होती.

९ एप्रिल

विद्यालयात आज लवकर सुटका झाली. नानांसाठी कंदी पेढे घेतले आणि घरी निघाले. गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आलं : “तेरा सक अठ्ठ्याहत्तर, तेरा सत्ते एक्याण्णव.” एका सुरात, पोटातून. मी धरणगावला लहान असताना आमच्या ओसरीवर असाच सूर लागायचा आणि चुकलं की नानांचं बोट वर व्हायचं. 

परसाचं दार लोटलं. पाचवी ब सगळीच्या सगळी मांडी घालून बसली होती. पुढे फळा, नाना हाताने ताल धरून उभे, आणि बसक्या आवाजात सांगत होते, “हं, आता सवायकी.” सगळ्यांच्या मागे जमीलाबाई. मला बघून एकेक सूर गळत गेला. हमीदाचे डोळे मिटलेले होते. ती एकटीच पाढा शेवटपर्यंत म्हणून गेली आणि मग तिला कळलं की सगळे गप्प आहेत.

मुली गेल्यावर विचारलं, “कधीपासून?”

जमीलाबाई म्हणाल्या, “दिवाळीपासून. सहामाहीनंतर मीच नानांकडे आले होते. दोष माझा आहे.”

“तिचा काही दोस नही,” नाना म्हणाले. “मी व्हय म्हटलं.”

“तुम्ही माझं वर्ष बुडवलंत नाना!”

“शकू, तू ताटावरून उठून गेली व्हती. मले पाह्यवलं नही. तुहं चक्र पडू नही म्हणून मी त्याले मागून टेका देल्ला.”

“टेका दिलेलं चक्र आपल्या बळावर चाललं असतं की नाही, ते आता कसं कळणार?”

नानांनी फळा पुसायला घेतला. “ते मले नही समजत,” म्हणाले, आणि एकदम थकलेले दिसले. पेढे तसेच राहिले. माझ्या बापाने माझ्यावरच्या मायेपोटी माझा प्रयोग संपवला आणि मला ओरडायलासुद्धा जागा ठेवली नाही.

१३ एप्रिल

एकच विचार. कदाचित दुसऱ्या सत्रात मुली माझ्या घटकांनीच वर आल्या असत्या. कदाचित नसत्या आल्या. आता हे कधीच कळणार नाही. नाना म्हणतात, “इतक्या लवकर पाढे उचलणाऱ्या पोरी मले उभ्या जन्मात भेटल्या नही. दर पाढ्याले विचारत, नाना, हा कुठी लागते?” यात मास्तर बोलतो की बाप, मला ठरवता येत नाही.

पण चाळीस शाळांच्या परसात नाना नाहीत, एवढं मला कळतं. तिथे पुस्तकं काढून घेतील, भिंतीवर चक्र रंगवतील, ऑक्टोबरमध्ये पोरी नापास होतील आणि चाळीस गावांतले नूर महंमद त्यांना घरी बसवतील. हे सगळं माझ्या सहीने होईल.

आज जमीलाबाई घरी आल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. “बाई, खरं लिहिलंत तर जूनमध्ये मला काढतील. आणि नाही लिहिलंत तर मला चैन पडणार नाही. दोन्ही सांगून टाकते.”

“मग मी काय करू?”

“ते तुम्ही ठरवा. मी पहिल्या दिवशीच विचारलं होतं, नाही जमलं तर मुलींचं काय. तुम्ही ‘जमेल’ म्हणालात.”

त्यांचा राग आला. खरं बोलल्या म्हणूनच आला असणार.

२५ एप्रिल

अहवाल पाठवला. शेवटचा परिच्छेद असा : ‘दुसऱ्या सत्रात पाचवी ब च्या मुलींकडून शाळेबाहेर नियमित पाठांतर करून घेण्यात आले. ते माझ्या सांगण्यावरून झाले. त्यामुळे या निकालावरून आराखड्याविषयी कोणताही निष्कर्ष काढता येत नाही, आणि तो इतर शाळांत लागू करू नये.’

टपालात टाकण्याआधी नानांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा लावून मास्तरकीच्या सवयीने बोट धरून वाचला. बोट मधल्या वाक्यावर थांबलं.

“हे खोटं हाये.”

“हो.”

“बाकीचं?”

“बाकीचं खरं आहे. खोडू का ते?”

नाना उठले, मोरीत जाऊन डोळ्यांवर पाणी मारून आले. “राहू दे,” म्हणाले. आम्ही दोघांनी मग एकत्र चहा घेतला. कित्येक दिवसांनी.

१२ मे

साहेबांचं चार ओळींचं पत्र. योजना स्थगित. ‘आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ पुणं संपलं. विद्यालयात बातमी माझ्याआधी पोचली होती. शिक्षकांच्या खोलीत मी शिरले की बोलणं उन्हाळ्याकडे वळतं.

रिखबचंदजींना काहीच वाटलेलं नाही. “पोरी पास झाल्या ना? मग राहू द्या चक्र भिंतीवर. रंग चांगला लागलाय.” जमीलाबाईंचा कायम झाल्याचा हुकूम निघाला. त्यांनी येऊन नानांच्या पाया पडायला हात पुढे केले, नानांनी ते मध्येच धरले. मला बघून त्या पहिल्यांदा मोकळं हसल्या.

हमीदा वार्षिक परीक्षेत दोन्ही तुकड्यांत पहिली आली. अक्षय्य तृतीया, आमची आखाजी, झाली, लग्नसराई जोरात आहे, मणियार गल्लीत पाय ठेवायला जागा नाही. मी अपमानाने आतून जळते आहे, खोटं कशाला लिहू? पण एक समाधान आहे. प्रयोग कसाही झाला असो, पोरी पास आहेत. यंदा सहावीची बाकं भरतील. मी निघाले होते ती त्यासाठीच.

१५ जून

सहावीची निम्मी बाकं रिकामी आहेत. दरवर्षीसारखीच. जीवराम म्हणाला, “बाई, येतीन चार दिनमा.” तो मला धीर देत होता.

हमीदा आलेली नाही.

१६ जून

दुकानात गेले. नूर महंमद किती खूश! खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. आत हमीदा बायकांच्या हातात बांगड्या भरत होती. एका हाताने भरायची आणि तोंडाने हिशेब सांगायची. न चुकता.

“बाई, तुम्हना उपकार शेत. आंडेरनी बठ्ठं दुकान सांभाळी लिन्हं. बायास्ले पोरगीना हात आवडस.”

“पण भाई, सहावी?”

ते मनापासून गोंधळले. माझी थट्टा करत नव्हते. “सहावी कसाले? तुम्हीच त भितवर लिखेल शे, बाजारमा चालावं. चालनं ना! आते शाळामा आखो काय शे?”

चहा माझ्या हातात निवत होता. एम.एड.ला दोन वर्षं, हे एक वर्ष, आणि या माणसाला द्यायला माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. त्याने माझं उद्दिष्ट माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. हमीदाने जाताना माझ्या हातात जबरदस्तीने दोन बांगड्या भरल्या. माप न घेता बरोबर बसल्या.

१७ जून

नानांना सांगितलं. ते कितीतरी वेळ पानाला चुनाच लावत राहिले.

“सातवीनंतर तुले मी जळगावले शिकाले ठेवलं, तव्हा लोक विचारत, मास्तर, पोरीच्या शिकण्याचा उपयोग काय? मले काहीच उपयोग सांगता येत नव्हता.”

“मग ठेवलंत का?”

“तू सारखी इचारत राहायची. हे का, ते का. तेवढे प्रश्न घरात कुठी बसवणार व्हतो मी?”

 पाऊस अजून नाही. येताना पुलावरून पाहिलं, तर पांझरेत नुसती वाळू, तिच्यात दोन गाढवं उभी. आणि मला एकदम आठवलं की एका मुलीला मी ‘ते नंतर बघू’ म्हटलं होतं. नंतर कधी बघितलंच नाही. वर्षभर मी मुलींना काय यायला हवं ते मोजलं. त्यांना काय हवं होतं, ते चिखलात हात वर करून माझ्यासमोर उभं होतं, आणि मी त्याला होडी सोडायला सांगितलं.

२० जून

पुन्हा गेले. दुकानात गर्दी होती. नूर महंमद म्हणाले, “या बाई, चहा?”

“चहा नको. हमीदाचं एक उत्तर माझ्याकडे राहिलंय. ते द्यायचं आहे, पण इथे नाही देता येणार, शाळेतच द्यावं लागेल.”

“कसानं उत्तर?”

“उन्हाळ्यात पांझरेत पाणी नसतं, तर तिला नदी का म्हणायचं.”

ते मोठ्याने हसले. बांगड्या भरायला बसलेल्या बायकाही हसल्या. “बाई, हाई बाजारमा कसाले लागस?”

“नाही लागत,” मी म्हटलं. “कुठेच लागत नाही. म्हणून तर त्यासाठी शाळेत यावं लागतं.”

माझ्या चक्रात न बसणारं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा बोलले. उत्तर मलाही अजून धड येत नाही, हे मात्र बोलले नाही. नूर महंमद हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. समोरच्या गिऱ्हाइकाचं माप काढत राहिले.

मागे हमीदा एका बाईसाठी डझनभर लाल बांगड्या मोजत होती. तिचा हात मध्येच थांबला होता.

“किती झाल्या वं पोरी?” बाईने विचारलं.

हमीदाने उत्तर दिलं नाही. माझ्याकडे बघितलं, सगळ्या बांगड्या परत गोळा केल्या आणि पुन्हा एकपासून मोजायला लागली.